चौथ्या गुरुवारचं निर्माल्य

शुक्रवारी सकाळी घरात माणसं सहा होती आणि गरम खोली एक. दिवाणखान्यातली गॅसची फायरप्लेस तेवढी विजेवाचून पेटत होती. तिच्यापुढे चार गाद्या, नऊ पांघरुणं आणि दोन स्लीपिंग बॅगा पसरल्या होत्या. टॉर्च तीन, पण सेल एकाच्याच पुरते. दूध दीड गॅलन, मागच्या डेकवर थंडीत ठेवलेलं. कालच्या पुरणपोळ्या अकरा. कोपऱ्यात चौरंग, त्यावर तांदळाची रास, राशीवर तांब्या, तांब्यात पाच झाडांचे डहाळे आणि वर नारळ. इथे परदेशात, बॉथेलमध्ये, डिसेंबरात आंब्याची पानं कुठून येणार? धाकटी सून आश्लेषाने ऱ्होडोडेंड्रॉन, लॉरेल, सीडर, हॉली आणि शेजारच्या कुंपणावरची आयव्ही गोळा केली होती, आणि सासूबाईंनी, सुमित्राबाईंनी, "लक्ष्मी समजून घेते" म्हणून ती चालवून घेतली होती.

हे सगळं मोजून थोरल्या सुनेला, नीलांबरीला, काही नवीन कळणार नव्हतं. पण झोप झाली नाही की तिचं डोकं आपोआप मोजायला लागायचं. काल दुपारी पाऊस असा कोसळला की रस्त्यांचे ओढे झाले. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, उद्यापनाचा. बोलावलेल्या सात सवाष्णींपैकी दोघीच पोचल्या. जेवणं उरकतायत तोच वारा सुटला, दिवे गेले, आणि मग रात्रभर अंधारात कुठेतरी फरची उंच झाडं कडाडून पडत राहिली. प्रत्येक आवाजाला तिने मनात ठरवलं, हे आपल्यावर नाही. पहाटेपर्यंत तेवढंच काम.

धाकटा दीर अमित आणि आश्लेषाच्या अपार्टमेंटमध्ये सगळं विजेवर, म्हणून धाकटं जोडपं रात्री इथेच राहिलं होतं. अमित उजाडताच वरच्या रस्त्याने पेट्रोल शोधायला गेला. ऑक्टोबरात त्याची नोकरी गेल्यापासून बाहेरची कामं तो न सांगता उचलायचा. नवी नोकरी लवकर लागली नाही तर व्हिसाचं काय, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारत नव्हतं. सुमित्राबाईंनी तो लक्ष्मीला विचारला होता. या वर्षीचे चारही गुरुवार त्यासाठी होते.

उत्तरपूजा झाली. सुमित्राबाईंनी तांब्या हलवला, त्यातलं पाणी घरभर शिंपडलं, डहाळे आणि फुलं ताम्हनात काढली.

"झालं," त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आता एवढं वाहत्या पाण्यात सोडून आले की मी मोकळी."

"आई, आज ओढ्यावर जायचं नाही," नीलांबरी म्हणाली.

सकाळपासून तिचं हे चौथं 'नाही' होतं. पहिलं आश्लेषाला. ती गराजमधली कोळशाची बार्बेक्यू शेगडी आत आणत होती. बंद घरात कोळसा पेटवला तर खोकलासुद्धा न येता माणूस मरतो, हे नीलांबरीने तिला दारातच सांगितलं. दुसरं नवऱ्याला, केदारला. त्याला खालच्या रस्त्यावरच्या पाण्यातून गाडी घालून ऑफिसला जाऊन सर्व्हर बघायचे होते. तिसरं लेकीला, निधीला, पडलेल्या तारांखाली उभं राहून फोटो काढण्याबद्दल. आणि आता हे.

फायरप्लेसपुढच्या खुर्चीतून अण्णांनी मान वर केली. "सूनबाई, तुझ्या मनाईखात्यात माणसं कमी पडतायत. एकटीने किती फायली निपटशील?"

केदार हसला. आश्लेषा हसली. नीलांबरीसुद्धा हसली, कारण अण्णांच्या बोलण्यात विष नसायचं. पण हसताना तिला जाणवलं की तिच्या 'नाही'ला आता किंमत उरलेली नाही.

"अण्णा, तुम्ही जरा खिडकीतून बघता का? सकाळी ओढ्यातला तो सपाट दगड दिसत होता. आता दिसत नाहीये."

"चष्मा डोळ्यावर घे, दिसेल."

"घातलाय. पाणी चढतंय."

अण्णा उठून खिडकीशी आले. परसातलं गवत उताराने कुंपणापर्यंत जात होतं, कुंपणात एक फाटक, फाटकापलीकडे ओढा. शरदात त्यात साल्मन मासे चढून यायचे. निधीच्या शाळेने काठावर तशी पाटीही लावली होती. आज पाटीचा खांब पाण्यात होता.

"पाऊस कधी थांबला?" अण्णांनी विचारलं.

"मध्यरात्रीच."

"मग? अगं, छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली मी. घाटातला ओढा पाऊस थांबल्यावर दोन तासांत गुडघ्याला येतो. चढतो तसा उतरतो. हे पाणी आता उतरणीला लागलं असणार."

"तिथे खडक आहे अण्णा, पाणी घसरून जातं. इथली जंगलातली माती महिनाभर भिजून गच्च झालीय, ती अजून सोडतेय. आणि खाली रस्त्याच्या मोरीत झाड अडकलंय, मी मघाशी बघून आले. वरून येतंय तेवढं पाणी खालून जात नाहीये. ते तुंबतंय."

"हं," अण्णा म्हणाले. सासूसासरे पुण्याहून राहायला आल्यापासूनच्या पाच महिन्यांत त्यांचा हा 'हं' नीलांबरीच्या ओळखीचा झाला होता. ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ. पटलं असा नव्हे.

"दुपारी बघू ना आई," केदार म्हणाला. दोन माणसांच्या मधे पडायची वेळ आली की तो नेहमी वेळ मागायचा.

"दुपारी म्हणजे कधीच नाही. तुझ्या वडिलांनी पुण्यात घर बांधायचं असंच दुपारवर टाकलं होतं. शेवटी फ्लॅट घेतला."

"त्यात माझी काय चूक?" अण्णा म्हणाले. "सिमेंट मिळत नव्हतं."

"सिमेंट सगळ्यांना मिळत होतं."

"आई, तुळशीत घालू या," नीलांबरी म्हणाली. "कुंडी आतच आणलीय."

"कुंडीतलं पाणी वाहतं का गं?"

"मग उद्या. पाणी उतरलं की मी स्वतः जाऊन सोडते."

"उत्तरपूजा झालेलं निर्माल्य रात्रभर घरात? उद्यापनाचं?" सुमित्राबाईंचा आवाज चढला नाही, खाली आला. "मी तुझ्या घरात तुझ्या पद्धतीने राहते. चपला बाहेर, कचरा तीन डब्यांत, फोडणीला खिडकी उघडी. मी कधी काही म्हटलंय? एवढं एकच मागितलं."

हे खरं होतं. आश्लेषा इतका वेळ पांघरुणांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "वहिनी, पाच मिनिटांचं काम आहे. मी जाते ना. मागचे तीनही शुक्रवार आपण तिथेच सोडलंय."

"मागचे तीनही शुक्रवार तिथे घोटाभर पाणी होतं."

"काठावरूनच टाकते."

"काठ कुठे आहे तेच आज कळणार नाही, आश्लेषा. वरून गवत दिसतं, पण खालची माती पाण्याने पोखरलेली असते."

"तुमचं बरंय वहिनी," आश्लेषा घडीवर हात फिरवत म्हणाली. "केदारदादांना नोकरी आहे."

फायरप्लेसमधल्या खोट्या लाकडांवर निळी ज्योत हलत राहिली. निधीने पुस्तकातून वर बघितलं, आईकडे, काकूकडे, आणि परत पुस्तकात डोकं घातलं. आश्लेषा कोड लिहिणारी मुलगी. नवस-बिवस तिला एरवी हसण्यावारी. पण दोन महिने मेलच्या उत्तराची वाट बघणाऱ्या नवऱ्याशेजारी झोपल्यावर माणूस कशालाही धरतो. नीलांबरीला ते समजत होतं. रागवायला अंगात जोर हवा, तोही नव्हता.

"मी कॉफी करते," ती म्हणाली.

काडी ओढून तिने स्वयंपाकघरातली गॅसची शेगडी पेटवली. पाच कप कॉफी झाली. आपला कप घेऊन तिने मागच्या दाराशी खुर्ची टाकली आणि दाराला पाठ लावून बसली. सगळ्यांनी ते बघितलं. सुमित्राबाईंनी तोंड फिरवलं. ताम्हन तसंच चौरंगावर होतं, शेवंतीच्या पिवळ्या पाकळ्या डहाळ्यांना चिकटलेल्या.

केदार वर गेला, निधीचे लोकरीचे मोजे शोधायला. अण्णा थोडा वेळ जुना पेपर चाळत बसले. मग उठले.

"गराजमध्ये मेणबत्त्या आहेत का बघतो," ते म्हणाले. "रात्रीची सोय नको?"

"अण्णा, जॅकेट घाला. तिथे गारठा आहे," नीलांबरी म्हणाली. तिचे डोळे मिटत होते.

"घालतो, घालतो."

खुर्चीत तिची मान कलली. झोप म्हणता येणार नाही, पण खोलीतले आवाज लांब गेले. जागी झाली ती सासूबाईंच्या बोलण्याने.

"ताम्हन रिकामं आहे."

नीलांबरीने डोळे उघडले. सुमित्राबाई तिच्यापुढे ताम्हन धरून उभ्या होत्या. पितळेत दोन पाकळ्या आणि हळदीचं बोट.

"कुठे टाकलंस?"

"मी? मी इथेच बसलेय."

"कचऱ्यात टाकलंस ना? हिरव्या डब्यात? सांग तरी. निदान कुठल्या डब्यात ते तरी सांग."

"आई, मी हात लावला नाही."

"मग आश्लेषा, तू?"

"नाही हो आई," आश्लेषा म्हणाली, आणि मग दोघी जावांची नजर एकाच वेळी गराजच्या दाराकडे गेली. दारापाशी चपलाबुटांची रांग होती. अण्णांचे कॅनव्हासचे बूट त्यात नव्हते.

गराजला बाजूने परसात जाणारा एक छोटा दरवाजा होता. नीलांबरीने पहारा धरला होता तो दुसऱ्याच दारावर.

"केदार!" ती ओरडली, आणि तशीच मोज्यांवर पळाली.

फाटक उघडं होतं. पलीकडे गवताची कड होती त्या जागी आता कोरा, लाल मातीचा चावा घेतल्यासारखा कडा. त्याच्या खालून पाणी चहाच्या रंगाचं, आवाज न करता, जडपणे वाहत होतं. ओढ्यात रात्री आडवं पडलेलं ऑल्डरचं एक झाड होतं, आणि त्याच्या खोडाला छातीपर्यंत पाण्यात बुडालेले अण्णा कवटाळून होते. जॅकेट घातलेलं नव्हतं.

हा माणूस तरुणपणी भर पुरात पोहत जाऊन कालव्याचं दार उघडून आला होता. ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. पण ते पाणी पुण्याच्या श्रावणातलं होतं. यात बर्फ नव्हता एवढंच. अण्णांचे ओठ पांढरे पडले होते आणि श्वास तुटक, धापेसारखा चालला होता. पोहायचं तर सोडाच, त्यांना नीट श्वासही घेता येत नव्हता.

केदार तिच्या बाजूने पुढे धावला. तिने दोन्ही हातांनी त्याचं जॅकेट पकडलं, आणि त्याच्या ओढीने ती गवतावर फरफटली.

"सोड!"

"उतरायचं नाही!"

"नीलू, माझे वडील आहेत ते!"

"म्हणूनच! तू उतरलास तर मला दोघांना काढावं लागेल आणि माझ्याकडे कोणी नाही!" तिने जॅकेट सोडलं नाही. "शिडी आण. गराजमधली ॲल्युमिनियमची. पळ!"

तो क्षणभर तिच्याकडे असा बघत राहिला, की हे तो तिला कधी माफ करणार नाही असं तिला वाटलं. मग पळाला. आश्लेषा त्याच्या आधीच गराजकडे वळली होती.

"अण्णा!" नीलांबरी कड्यापासून लांब, पोटावर झोपून ओरडली. "अण्णा, माझ्याकडे बघा. शिडी येतेय. सोडू नका."

अण्णांनी मान हलवली की थंडीने ती हलली, कळलं नाही. "हात," ते म्हणाले. "हात... ऐकत नाही."

"हाताने धरू नका. कोपर अडकवा. फांदीत कोपर अडकवा!"

मागे सुमित्राबाई पोचल्या होत्या. पायात घरातल्या सपाता, अंगावर शाल. त्या ओरडल्या नाहीत. फाटकाचा खांब धरून त्यांनी एकदाच हाक मारली, "अहो." मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरातून हळूच मारावी तशी.

अण्णांनी डोळे तिकडे वळवले.

शिडी आली. केदार काठापाशी पालथा पडला आणि त्याने शिडी गवतावरून पाण्याकडे सरकवली. मागचं टोक आश्लेषाने आणि नीलांबरीने धरलं. काठाचा आणखी एक ढेकूळ सुटून पाण्यात गेला. केदार मागे सरला. शिडीचं टोक पुढे जाता जाता प्रवाहाने बाजूला रेटलं जात होतं. जड व्हायला हवं होतं मागून.

"आई, बसा! शिडीवर बसा!"

सुमित्राबाई दोन पायऱ्यांच्या मधे, ओल्या गवतावर, शिडीची कड मांडीखाली दाबून बसल्या. मग आश्लेषा त्यांच्या शेजारी बसली आणि एका हाताने सासूला घट्ट धरून दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला. "कम ऑन, कम ऑन, एक तरी बार दाखव यार... हॅलो? येस, हॅलो! अ मॅन इन द वॉटर..."

टोक अण्णांच्या खांद्याला लागलं.

"अण्णा, पायरीत कोपर घाला! आधी उजवं!" केदारचा आवाज फाटला होता.

अण्णांनी शिडीकडे बघितलं. एवढी सोपी गोष्ट त्यांना समजायला किती वेळ लागतोय ते सगळ्यांना दिसत होतं. मग उजवा हात खोडावरून सुटला, पाण्यात गेला. हात वर आला तो पायरीतून. कोपर वळलं. डावं कोपर दुसऱ्या पायरीत.

"ओढा!"

बसलेल्या दोघी उठल्या आणि चौघांनी ओढलं. हळू नाही, झटकाही नाही. आश्लेषा "अजून, अजून" म्हणत राहिली. कडा ढासळत होता, पण शिडी त्याच्यावरून घसरत आली. अण्णा छातीपर्यंत वर आले, कमरेपर्यंत, आणि मग केदारने त्यांच्या पट्ट्याला हात घातला. एक कॅनव्हासचा बूट ओढ्यात राहिला.

"उभं नका करू," नीलांबरी म्हणाली. "आडवेच न्यायचे. शिडीवरच."

घरात आणून फायरप्लेसपुढच्या गादीवर ठेवलं तेव्हा अण्णा थरथरत होते, सगळ्या अंगाने, दात वाजत होते. नीलांबरीने कात्रीने त्यांचा स्वेटर आणि शर्ट कापला. फोनवरची मदतकेंद्राची बाई आश्लेषाला सांगत होती आणि आश्लेषा मराठी करून पुढे देत होती: खालच्या रस्त्यावर पाणी आहे, वरच्या रस्त्यावर झाड आडवं आहे, गाडी निघालीय पण वेळ लागेल. तोवर ऊब द्या. शुद्धीवर आहेत का? थरथरतायत का?

"थरथरतायत. सांग तिला. थरथरणं चांगलं आहे. थांबलं तर वाईट."

केदारने पाय चोळायला घेतले. सुमित्राबाई तिळाच्या तेलाची बाटली घेऊन आल्या.

"नको," नीलांबरी म्हणाली. आज किती वेळा, हे मोजायचं तिने सोडलं होतं. "हातपाय चोळायचे नाहीत. तिथलं गार रक्त एकदम छातीकडे येईल. आधी धड गरम करायचं. छाती, पाठ, काखा."

तिला वाटलं, आता वाद होणार. पहिल्यापासून होणार. सुमित्राबाईंनी बाटली खाली ठेवली.

"मग मी काय करू?"

नीलांबरीने निधीचा थर्मामीटर अण्णांच्या काखेत धरला होता. तो वाजला. आकडा आलाच नाही. नुसतं 'लो' दिसत होतं. तिने ते कोणाला सांगितलं नाही.

"आई, तुम्ही त्यांच्याजवळ झोपा."

"काय?"

"पांघरुणात. साडी ओली झालीय, ती काढा. अंगाला अंग लावून. तुमची ऊब त्यांना मिळायला हवी. माणसाइतकी बरोबर ऊब देणारी दुसरी वस्तू या घरात नाही."

सुमित्राबाईंनी मुलाकडे बघितलं, सुनांकडे बघितलं. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात त्या चारचौघांत नवऱ्याच्या शेजारच्या खुर्चीतही बसल्या नव्हत्या. फोटोतसुद्धा मधे कोणीतरी नातवंड असायचं.

"केदारदादा," आश्लेषा म्हणाली, "तुम्ही निधीला घेऊन दाराशी उभे राहा. गाडी आली तर कळायला हवी." आणि तिने सगळ्यात मोठी रजई दोन हातांनी पडद्यासारखी उंच धरली, चेहरा दुसरीकडे वळवून.

रजईमागे बांगड्या वाजल्या. मग आश्लेषाने ती हळूच दोघांवर सोडली, आणि नीलांबरीने वरून उरलेली पांघरुणं घातली, एकावर एक, अण्णांच्या डोक्यालाही शाल गुंडाळली. वर दिसत होते फक्त दोन चेहरे, एकमेकांच्या इतके जवळ की दोघांनाही कुठे बघावं कळत नव्हतं.

"आई गं," सुमित्राबाई म्हणाल्या. "बर्फाची लादी आहे नुसती."

अण्णांचे दात वाजत होते. त्यातून शब्द निघाले ते अर्धे. "फु... फुलं."

"गेली ना? गेली. आता गप्प राहा."

"पि... पिशवीसकट गेली. प्लॅस्टिकची. सू... सूनबाई रागवेल."

"रागवू दे. मीही रागवणार आहे. पण आत्ता नाही."

नीलांबरी उठून स्वयंपाकघरात गेली, तिथे ओट्याला धरून उभी राहिली. पाय ओले होते हे तिला आता कळलं. आश्लेषा तिच्या मागोमाग आली आणि तिने तिच्यासमोर कोरडे मोजे धरले.

"वहिनी, मघाशी मी..."

"पाणी उकळायला ठेव. साखर जास्त. कोमट झाल्यावर द्यायचं, आणि गिळता येतंय का ते आधी बघायचं."

"हो." आश्लेषाने काडी ओढली. ती विझली. दुसरी ओढली. "अमितला नको सांगू या लगेच. तो म्हणेल माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे नाही, अमितमुळे नाही. पाणी चढत होतं."

"अण्णांनी आईंसाठी केलं. भांडण मिटावं म्हणून."

"माहितीये."

नीलांबरीलाही तेच वाटत होतं, आणि त्याचा तिला सगळ्यात जास्त थकवा आला होता. तिघी बायका आपापल्या जागी बरोबर होत्या, केदार दुपारची वाट बघत होता, आणि एका म्हाताऱ्या माणसाला वाटलं की पाच मिनिटांत हे सगळं संपवता येईल.

दाराशी थांबायचं सोडून केदार बाहेर फाटकाशी उभा होता. निधी त्याच्या कडेवर होती. आठ वर्षांची मुलगी, कडेवर घ्यायचं वय केव्हाच गेलेलं. नीलांबरीने खिडकीची काच सरकवली.

"काठाजवळ जाऊ नकोस रे."

"नाही जात." तो वळला. डोळे लाल होते. "नीलू, मी उडी मारलीच असती."

"हो."

"तू माझं जॅकेट फाडलंस."

"हो."

"डॅडी सेज इट्स ओके," निधीने सांगितलं. "इज आजोबा गोइंग टू डाय?"

नीलांबरीने उत्तराआधी श्वास घेतला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती आणि खरं तिच्याकडे अजून नव्हतं. "आय डोन्ट नो येट, सोना. मी मोजून सांगते."

दुसऱ्यांदा लावला तेव्हा थर्मामीटरने त्र्याण्णव पूर्णांक नऊ दाखवलं. पंचाण्णवच्या वर जायला हवं होतं. आश्लेषाने तो आकडा फोनवरच्या बाईला सांगितला. नीलांबरी गादीशेजारी जमिनीवर बसली.

"अण्णा, खात्यात कुठल्या साली लागलात?"

अण्णांनी बराच वेळ विचार केला. "खा... खात्यात?"

"पाटबंधारे."

"तुझ्या आईला विचार," ते म्हणाले. ते तिला कोणीतरी दुसरीच समजत होते.

सुमित्राबाईंनी पांघरुणाच्या आत हात हलवला, तो अण्णांच्या पाठीवर असावा. "बासष्ट," त्या त्यांच्या कानात म्हणाल्या. "बासष्ट साली. लग्नाला दोन वर्षं झाली होती. आठवतंय? साइटवर पत्र्याची खोली होती. थंडीत पत्रा असा गार पडायचा, की..." त्या थांबल्या. सुना ऐकत होत्या. मग त्यांनी ते वाक्य तसंच पुरं केलं, "...की आपण असेच झोपायचो."

आश्लेषाने फोन कानाशी धरून भिंतीकडे तोंड केलं.

अण्णांनी साखरपाण्याचे दोन घोट घेतले. तिसरा हनुवटीवरून ओघळला, सुमित्राबाईंनी तो पदर नसल्याने रजईच्या कोपऱ्याने पुसला. थरथर येत होती, जात होती, परत येत होती. प्रत्येक वेळी ती थांबली की नीलांबरी पुढे झुकायची, आणि परत सुरू झाली की मागे टेकायची. बाहेर कुठेतरी चेन-सॉचा आवाज सुरू झाला, वरच्या रस्त्याच्या बाजूला. झाड कापत होते.

"साल काय म्हणालीस मघाशी?" अण्णांनी एकाएकी विचारलं.

"बासष्ट," नीलांबरी म्हणाली.

"चूक. एकसष्ट. जुलै. धरण फुटलं त्याच महिन्यात रुजू झालो मी." त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं, आणि या वेळी ते तिच्याचकडे बघत होते. "सूनबाई, ते पाणी चढत होतं गं."

"हो अण्णा."

"मोरी तुंबल्यावर चढणारच. मला कळायला हवं होतं."

"बोलू नका आता."

"बोलू दे त्यांना," सुमित्राबाई म्हणाल्या. "बोलतायत तोवर बरं." त्यांचा चेहरा घामाने डवरला होता, नऊ पांघरुणांखाली त्या भाजून निघत असणार, पण हलल्या नव्हत्या. "नीलांबरी, तू परत बघ ते. तुझं यंत्र."

नीलांबरीने रजईच्या आत हात घातला. अण्णांची काख आता ओल्या फडक्यासारखी गार लागत नव्हती. तिने थर्मामीटर लावला, त्यांचा दंड वरून दाबून धरला आणि थांबली. केदार दारात आला होता, निधी त्याच्या पायाला चिकटलेली. आश्लेषाने फोनमध्ये "वन सेकंड, प्लीज" म्हटलं. वरच्या रस्त्यावरचा चेन-सॉ थांबला.

थर्मामीटर वाजला. नीलांबरीने तो काढून खिडकीच्या उजेडाकडे धरला.

शहाण्णव पूर्णांक तीन.